मुरघास: मक्याची बॅग तापतेय, नेपियरच्या बॅगेला घाण वास. कल्चर बदलू का?

फलटणचा_गोठा
राम राम मंडळी. आपल्याकडं चार एचएफ (होल्स्टीन) गाई दुधात आणि दोन कालवडी. पावसाळ्यात १ टनाच्या बॅगांमध्ये दोन प्रकारचा मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) भरला. एक मक्याचा, आफ्रिकन टॉल जातीचा, कणीस चिकातून जरा पुढं गेलेलं. दुसरा फुले जयवंत जातीच्या नेपियर गवताचा, पण उघडीपच मिळंना म्हणून कापला तसाच ओला कुट्टी करून भरला. दोन्हीत टनाला २ किलो गूळ, १ किलो मीठ, १ किलो मिनरल मिक्श्चर, १ किलो युरिया, १ लिटर ताक आणि वर दुकानातलं कल्चर (आंबवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट).

मक्याची बॅग उघडली तेव्हा एक नंबर वास, रंग पिवळसर हिरवा, गाई नुसत्या तुटून पडल्या. पण तीन-चार दिवसांनी आत हात घातला तर चटका बसावा एवढं गरम, सकाळी तर वाफ निघते, वास दारूकडं झुकलेला आणि कडेकडेनं पांढरी बुरशी. नेपियरची बॅग पहिल्याच दिवशी काळपट, बुळबुळीत, खाली काळं पाणी साचलेलं. वास असा की साबणानं हात धुतले तरी जात नाही, घरात आलो की मंडळी म्हणतात आधी बाथरूमला जा. गाई तोंड फिरवतात. ती मात्र गरम नाही बरं का, थंडगार आहे.

दुकानदार म्हणतो कल्चरचा डोस डबल करा नाहीतर भारीतलं घ्या. तर कुठलं घेऊ?

बेलरवाला
भाऊ बॅग भरायची कटकट सोडा आणि मशीनचा बेल (गठ्ठा) घ्या. प्रेशरनं दाबून रॅप होऊन येतो, ७०-८० किलोचा असतो, रोज एक फोडला की विषय संपला. बॅगेत माणसं पायानं तुडवतात आणि मोबाईलवर बोलत तुडवतात.

नीरा_काठ
बेलरवाले शेठ, रेट पण सांगा की मग 😀

आडगावचा_अण्णा
आमच्या वेळी कल्चरबिल्चर काही नव्हतं. खड्डा खणायचा, थर टाकायचा, वरून बैल फिरवायचे, पुन्हा थर, शेवटी पाचट आणि मातीनं लिंपून टाकायचं. फेब्रुवारीत उघडला तरी घमघमाट. लोणच्याची बरणी आहे ती, हवा शिरली की गेली. आता पोरं पाकिटं टाकतात आणि तुडवायचा कंटाळा करतात.

सूक्ष्मजीव
अण्णांचं अर्धं बरोबर आहे, अर्ध्यावर नंतर येतो.

फलटणकर, ब्रँडचं राहू द्या बाजूला. तुमच्या दोन बॅगांना दोन वेगळे रोग झालेत आणि त्यांची कारणं एकमेकांच्या उलटी आहेत. मका हवेनं बिघडलाय, नेपियर पाण्यानं. एकाच पाकिटात दोन्हीचं औषध नाही.

आधी नीट जमलेल्या बॅगेत काय होतं ते बघा. कापलेला चारा लगेच मरत नाही, त्याचा श्वास चालू असतो, आतली उरलेली हवा वापरून तो स्वतःचीच साखर जाळतो आणि गरम होतो. गच्च दाबलं असेल तर ही हवा काही तासांत संपते. मग लॅक्टिक ॲसिड करणारे जिवाणू जोर धरतात, हे पानावर-कणसावर मुळातच थोडेफार असतात, ते साखर खाऊन आंबटपणा वाढवतात आणि मक्यात पीएच (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६ च्या आसपासून ४ च्या जवळ किंवा खाली येतो. त्या आंबटपणात बाकीच्यांचं काही चालत नाही. पण चालत नाही म्हणजे ते मेले असं नव्हे, नुसते दबा धरून बसलेले असतात.

आता मका. तिथं दबा धरून बसलेली म्हणजे यीस्ट. काही जातीच्या यीस्टना हा आंबटपणा बाधत नाही, त्यांना फक्त हवा हवी असते. बॅगेचं तोंड उघडलं की त्या चक्क लॅक्टिक ॲसिडच खायला लागतात, म्हणजे ज्यानं मुरघास टिकतो त्याचाच फडशा. त्यातून उष्णता. ॲसिड संपत आलं की पीएच चढतो आणि मग बाकीचे जिवाणू आणि बुरशी येतात. तुम्हाला दिसणारी पांढरी बुरशी सगळ्यात शेवटी आलीय, तोवर चाऱ्यातली सगळ्यात चांगली ताकद वाफ होऊन गेलेली असते. दारूचा वास पण यीस्टचाच.

नेपियरमध्ये क्लॉस्ट्रिडियम. हा मातीतून, शेणातून येतो, बीजाणू करून राहतो, याला हवा चालत नाही आणि ओलावा लागतो. तुमची बॅग याच्यासाठीच सजवल्यासारखी झाली. हवा संपली, पाणी भरपूर, साखर कमी, म्हणून पीएच पटकन खाली आलाच नाही. मग हा लॅक्टिक ॲसिड खाऊन ब्युटिरिक ॲसिड करतो, खवट तूप आणि ओकारी यांच्यामधला तो वास, कातडीला चिकटतो तो हाच. याचे काही भाऊबंद प्रोटीन फोडून अमोनिया करतात. यात उष्णता फारशी निघत नाही, म्हणून थंडगार.

तर गरम आहे का घाण वास आहे, हा पहिला प्रश्न. कल्चर त्याच्यानंतर.

नीरा_काठ
+१. असं वेगवेगळं करून पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं.

फलटणचा_गोठा
धन्यवाद सर. पण मक्यात कल्चर टाकूनही तापलं ना, मग कल्चर बोगस होतं का?

सूक्ष्मजीव
असेलही, नसेलही. पाकिटावर जिवाणूचं नाव काय आहे ते वाचा. बाजारातली बरीच पाकिटं लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम जातीची असतात. हा पठ्ठ्या साखरेचं जवळजवळ सगळं लॅक्टिक ॲसिडच करतो, पीएच झटक्यात पाडतो, नुकसान कमी. उत्तम. पण मक्याचा पीएच तसाही झटक्यात पडतोच, त्याच्यात साखर भरपूर असते. आणि गंमत बघा, लॅक्टिक ॲसिड हे यीस्टचं खाणं, यीस्टला खरं आवरतं ते ॲसेटिक ॲसिड. नुसत्या प्लँटॅरमनं ॲसेटिक कमी होतं, म्हणून बॅग उघडल्यावर असा मुरघास कधीकधी बिनकल्चरच्या मुरघासापेक्षा लवकर तापतो. हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

तापण्यावरचा जिवाणू वेगळा, लॅक्टोबॅसिलस बुखनेरी. तो सावकाश लॅक्टिकमधलं थोडं ॲसेटिकमध्ये बदलतो. सावकाश म्हणजे ४५ ते ६० दिवस. २१ दिवसांत बॅग उघडणाऱ्यानं बुखनेरीवर पैसे घालवू नयेत.

आणि कुठलंही कल्चर असो, दर ग्रॅम चाऱ्याला निदान १ लाख जिवंत जिवाणू पडायला पाहिजेत. दुकानात उन्हात पडलेलं, किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या नळाच्या पाण्यात कालवलेलं पाकीट म्हणजे नुसती पावडर.

आडगावचा_अण्णा
मग आमचं ताक काय वाईट? त्यात जिवाणू नाहीत का

सूक्ष्मजीव
अण्णा, वाईट नाही, आणि आकड्यात तर ताक मार पण खात नाही. १ टन म्हणजे १० लाख ग्रॅम, चांगल्या ताज्या ताकात मिलिलिटरला १० कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात, म्हणजे १ लिटरमध्ये बरोबर ग्रॅममागे १ लाख बसतात. अडचण जातीची आहे. ते दुधावर वाढलेले, त्यातले बरेच पीएच ४.५ च्या खाली दमतात, आणि चाऱ्यावर शेवटची आंबट दौड मारणारे वेगळे. टाकायचं तर टाका, पण त्याच्या भरवशावर तुडवणं कमी करू नका.

गोदाकाठची_ताई
मला कल्चरपेक्षा त्या २ किलो गुळाचं हसू येतं. सगळीकडं हाच फॉर्म्युला फिरतोय, मका असो नेपियर असो घास असो, टनाला २ किलो गूळ. मक्याला गूळ लागतच नाही, त्याची साखर त्याला पुरते. आणि नेपियरला किंवा लसूणघासाला लागतो तिथं २ किलोनं काय होणार, ते ०.२ टक्के झालं. मळी (मोलॅसिस) टाकायची तर ३-४ टक्के टाकतात, म्हणजे टनाला ३०-४० किलो. मक्यात वाया आणि नेपियरमध्ये अपुरा, दोन्हीकडं नुसतं समाधान.

युरियाचं तर मला कळतच नाही. एकीकडं आंबट करायला धडपडायचं आणि दुसरीकडं युरिया टाकायचा ज्याचा अमोनिया होऊन आंबटपणा मारतो. ओल्या बॅगेत तो विरघळून खालच्या पाण्यात जमा होतो ते वेगळंच. गाईला युरिया द्यायचाच असेल तर खुराकात मोजून द्या, तेही डॉक्टरांना विचारून.

फलटणकर दादा, मला दोन गोष्टी सांगा. रोज एका बॅगेतून किती किलो काढता? आणि १ टनाच्या बॅगेत खरंच किती वजन बसलं होतं?

फलटणचा_गोठा
ताई गाईला १५ किलो आणि कालवडीला ५ किलो प्रमाणे ७० किलो जातं दिवसाला. बॅगेचं वजन केलं नाही पण कुट्टी ट्रॉलीवरनं मोजली तर एका बॅगेला साडेसातशेच्या आसपास पडली असेल.

गोदाकाठची_ताई
मग झालं की. ७५० किलोची बॅग, रोज ७० किलो, म्हणजे उघडलेली बॅग १०-११ दिवस तोंड वासून पडलेली. नीट भरली असती तर आणखी जास्त दिवस. तुमची यीस्ट तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठते, म्हणजे आठवडाभर तुम्ही तिलाच खाऊ घालताय.

आमच्याकडं तीनच गाई आहेत म्हणून मी मोठ्या बॅगेच्या नादाला लागलेच नाही. ५० किलोच्या बॅगा भरते, आत जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेरून विणलेलं पोतं. भरताना दर वीतभर थराला तुडवायचं, मग जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीनं हवा ओढायची, पिशवीचं तोंड पिळून पीळ उलटा दुमडायचा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायचं. सुतळीनं नाही, सुतळी ढिली पडते. भरलेली पोती उभी ठेवायची, रचायची नाहीत, आणि खाली उंदराचा बंदोबस्त. उंदरानं पाडलेलं करंगळीएवढं भोक आठ दिवसांनी हातभर काळं होतं. रोज फेरी मारायची आणि भोक दिसलं की तिथल्या तिथं चिकटपट्टी.

बेलरवाला
ताई तुम्ही आमचा धंदा बसवणार 😅 पण खरंय, दाबणं आणि लवकर संपवणं हेच. बेल पण फोडून तीन दिवस ठेवला तर तापणारच.

सूक्ष्मजीव
दाबलं किती हे बघायची सोपी पद्धत सांगतो. उघडलेल्या बॅगेत किंवा खड्ड्याच्या तोंडाला १ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल असा चौकोन धारदार विळ्यानं कापून काढा आणि ताणकाट्यावर वजन करा. ३०-३५ टक्के ड्राय मॅटरच्या (पाणी सोडून उरणारा कोरडा भाग) मक्याला १८ ते २० किलो भरायला पाहिजे. १२-१३ भरलं तर आत पोकळ्या आहेत, आणि तोंड उघडलं की हवा त्या पोकळ्यांतून आतपर्यंत जाते, तुम्ही वरचा थर काढून टाकला तरी खालचा तापायला लागलेला असतो.

फलटणचा_गोठा
आत्ता करून आलो. १३ किलो भरलं.

सूक्ष्मजीव
मग दुकानदाराला सांगा, डबल डोस नको.

नीरा_काठ
खड्डा/बंकर वाल्यांसाठी काय नियम? आमचा बंकर (जमिनीवर भिंती बांधलेला हौद) आहे, ट्रॅक्टर फिरवतो, पण उन्हाळ्यात तोंडाकडून तापतोच.

बेलरवाला
बंकरला तोंड सरळ ठेवायचं. लोडरनं ओरबाडलं की आतपर्यंत भेगा पडतात. वरून खाली सरळ कापायचं, तोंडाचा सगळा भाग रोज अर्धा फूट तरी मागं सरकला पाहिजे, उन्हाळ्यात फूटभर. तेवढी जनावरं नसतील तर बंकर रुंदीला जास्त बांधलाय असं समजा. पुढच्या वेळी मधे भिंत घाला.

पोल्डर
मी मूळचा संगमनेरचा, सध्या नेदरलँड्समध्ये डेअरीच्याच कामात आहे. इथं मुरघासाशिवाय गोठाच नाही, पण ब्युटिरिकची धास्ती आपल्यापेक्षा फार जास्त, कारण चीज. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू चाऱ्यातून शेणात, शेणातून सडाला, सडावरून दुधात जातात आणि पाश्चरायझेशननं मरत नाहीत. चीज मुरत ठेवलं की काही महिन्यांनी आत गॅस धरतो, चीजची गोल चाकं फुगतात, चिरतात. इटलीत पार्मेजानो रेज्जानो चीजच्या दुधासाठी गाईंना मुरघास घालायलाच बंदी आहे, एवढी ती भीती. आपलं दूध पिशवीत जातं म्हणून आपल्याला कुणी विचारत नाही. पण सडं न धुता धार काढणाऱ्यांनी ऐकून ठेवा.

एक शंका मात्र आहे, मक्यात क्लॉस्ट्रिडियम क्वचितच बघितलाय मी. इथं तो ओल्या गवतात असतो.

सूक्ष्मजीव
बरोबर. मका आंबवायला सोपा म्हणून तिथं क्वचित. आपल्याकडचं नेपियर म्हणजे त्याहून वाईट केस, ओलं आणि साखर कमी. त्यातून पावसात कापलं की बुडख्याला चिखल, म्हणजे बियाणं पण आपणच टाकलं.

जाता जाता, चारा आंबवण्याऐवजी सरळ ॲसिड ओतूनच आंबट करायचा हा मार्ग पण माणसानं करून बघितलाय. फिनलंडचे व्हिर्तानेन यांनी ओल्या चाऱ्यात हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून पीएच ४ च्या खाली आणायची पद्धत काढली, १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा उल्लेख आहे. ज्यांना मुरघास म्हणजे अडाणी काम वाटतं त्यांच्यासाठी.

आडगावचा_अण्णा
सल्फ्युरिक! गाईचं काय झालं असंल

शेळीमेंढी
मधेच घुसतो, माफ करा. शेजाऱ्याच्या गोठ्यातला बुरशी आलेला मुरघास गाई खाईनात म्हणून त्यानं फुकट दिला, शेळ्यांना दोन आठवडे घातला. एक शेळी कालपासून एकाच बाजूला गोल फिरतेय, मान वाकडी, एक कान पडलेला, तोंडातून लाळ. चारा तोंडातच राहतो. जंत असेल का डोक्यात?

डॉ_खुरकुत
हा धागा वाचत होतो, आता लिहावंच लागेल. शेळीमेंढी, लगेच, आजच्या आज जवळच्या दवाखान्यात फोन लावा. गोल फिरणं, एका बाजूचा कान-ओठ पडणं आणि खराब मुरघास हे तिन्ही एकत्र आलं की आधी लिस्टेरिया या जिवाणूचा संशय घ्यायचा. जंताचं गिड पण असू शकतं, पण लिस्टेरिया वाट बघत नाही. लवकर अँटिबायोटिक सुरू झालं तर जनावर वाचायची आशा असते, आडवं पडल्यावर फारशी नाही. तो मुरघास बाकीच्यांना बंद करा. गाभण शेळ्या असतील तर गाभडू शकतात. गाभडलेलं, वार, काहीही उघड्या हातानं उचलू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला तिकडं फिरकूच देऊ नका. हा माणसालाही होतो.

लिस्टेरिया नीट आंबलेल्या मुरघासात वाढत नाही. पीएच ५ च्या वर गेलेल्या, हवा लागलेल्या, मातीनं भरलेल्या मुरघासात, बॅगेच्या भोकाजवळ, ताडपत्रीच्या कडेला तो असतो. गाई खात नाहीत ते शेळ्यांना घाला, ही आपली सवयच जीव घेते.

आता गाईंचं. नेपियरची बॅग कुणालाच घालू नका. ब्युटिरिक पोटात गेलं की गाय आधीच कमी खाते, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईला किटोसिस (रक्तात किटोन वाढण्याचा आजार) व्हायला तेवढं निमित्त पुरतं. मक्याचा गरम झालेला पण बुरशी न आलेला भाग विषारी नसतो पण त्यात सत्त्व राहिलेलं नसतं. बुरशी आलेला भाग आणि त्याच्या आजूबाजूचा हातभर बिनबुरशीचा दिसणारा भाग दोन्ही फेकायचे. बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही, गरम करून, वाळवून, पाणी मारून जात नाही. त्यातलं अफ्लाटॉक्सिन गाईनं खाल्लं की एक-दोन दिवसांत त्याचं एम-१ हे रूप दुधात उतरतं, आपल्या देशात दुधासाठी त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. डेअरीनं कधी दूध परत केलं तर नुसता सरकी पेंडीवर संशय घेऊ नका, मुरघासाची बॅग पण बघा.

शेळीमेंढी
डॉक्टर येतायत संध्याकाळी. मुरघास बंद केला. धन्यवाद साहेब.

डॉ_खुरकुत
संध्याकाळी नको, परत फोन करा, लक्षणं सांगा, ते लवकर निघतील.

नीरा_काठ
फलटणकरांच्या नेपियरचं पुढच्या वेळी काय करायचं पण? आमच्याकडं पण नेपियरच जास्त आहे, मका दरवर्षी जमत नाही.

गोदाकाठची_ताई
कापून एक दिवस शेतातच सुकू द्यायचं, पावसाळ्यात ते जमत नाही हे मलाही माहितीय. मग कोरडं काहीतरी मिसळायचं. हिशोब करून देते. ओल्या नेपियरमध्ये ड्राय मॅटर साधारण १८ टक्के धरला आणि ज्वारीच्या कडब्यात ९० टक्के, तर ३० टक्क्यांवर आणायला टनामागं ८३५ किलो नेपियर आणि १६५ किलो कडबा कुट्टी लागते. थरावर थर नाही, कुट्टी मशीनमध्ये दोन्ही एकत्रच सोडायचं म्हणजे नीट मिसळतं. आणि इथं मात्र मळी किंवा गूळ सढळ हातानं, इथं साखर खरंच कमी आहे. प्लँटॅरमचं कल्चर पण इथं उपयोगी पडतं, कारण इथं पीएच पटकन पाडणं हेच तर काम आहे. जमिनीपासून वीतभर वरून कापा म्हणजे चिखल येत नाही.

ओलावा बघायला हाताची मूठ पुरते. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट गच्च आवळायची आणि सोडायची. बोटांमधून पाणी गळलं तर भरू नका. गोळा तसाच राहिला आणि तळहात ओला झाला तर अजून जरा ओलं आहे. गोळा हळूहळू उमलला आणि हात नुसता दमट राहिला तर घ्या भरायला. सोडल्या सोडल्या भुगा झाला तर वाळलंय, ते दाबलं जाणार नाही आणि मक्यासारखं तापेल.

सूक्ष्मजीव
ताईंना अनुमोदन. ज्यांच्याकडं मायक्रोवेव्ह आहे त्यांनी १०० ग्रॅम कुट्टी, सोबत कपभर पाणी ठेवून, थोडी थोडी मिनिटं फिरवत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ३२ ग्रॅम उरली तर ३२ टक्के ड्राय मॅटर. मक्याला वेगळा हिशोब नको, कणीस मोडून दाणा बघा, दाण्यावरची दुधाची रेष निम्म्यावर आली की कापा.

फलटणचा_गोठा
नेपियरच्या बॅगेतलं काळं पाणी जावं म्हणून एकानं खाली भोक पाडायला सांगितलं होतं. पाडू का दुसऱ्या बॅगांना?

बेलरवाला
अजिबात नाही!! पाणी जाईल तिथून हवा येईल. आत्ता एक रोग आहे, मग दोन होतील.

डॉ_खुरकुत
आणि ते पाणी विहिरीकडं, ओढ्याकडं जाऊ देऊ नका, ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, मासे मरतात.

नीरा_काठ
अजून एक, खड्डा भरल्यावर दुसऱ्या दिवशी विटकरी धूर दिसला होता आमच्या पाहुण्यांच्यात. वास झोंबत होता. ते काय असतं?

सूक्ष्मजीव
हे सगळ्यांनी वाचा. ताण बसलेला किंवा युरियाचा भडिमार झालेला मका पाऊस पडल्या पडल्या कापला तर त्यात नायट्रेट जास्त असतं. आंबताना त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघू शकतो, विटकरी रंगाचा, हवेपेक्षा जड, खड्ड्यात खाली साचतो. पहिले दोन-तीन आठवडे धोका. फुप्फुसाला इजा होते आणि त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, तेव्हा बरं वाटतंय म्हणून घरी झोपून राहू नका. शिवाय खोल खड्ड्यात कार्बन डायऑक्साइड साचतो तो दिसतही नाही. भरून झाकलेल्या खड्ड्यात ताडपत्री उचलून तुडवायला एकट्यानं उतरायचं नाही, आणि आत कुणी पडला तर त्याच्यामागं उडी मारायची नाही.

फलटणचा_गोठा
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय, उघडलेल्या मक्याच्या बॅगेतला खराब भाग काढला, उरलेला दोन दिवसांत चारही गाईंना वाढवून संपवतो. शेजारी भावकीत तीन गाई आहेत, पुढची बॅग दोघांत मिळून उघडू म्हणजे रोजचे ११५ किलो तरी जातील. नेपियरच्या चारही बॅगा तपासतो. खराब निघालेल्याचं काय करू, उकिरड्यावर टाकलं तर चालेल?

डॉ_खुरकुत
गाईंना वाढवून द्या पण एकदम नको. मुरघास अचानक वाढला की पोट आंबट होतं, शेण पातळ येतं. दोन-तीन किलोनं वाढवा, सोबत सुका चारा ठेवा, दोन दिवसांत नाही संपलं तर राहू द्या. उकिरड्यावर चालेल, गोठ्यापासून लांब, शेणात मिसळून वर मातीचा थर. कुत्री-शेळ्या तोंड घालणार नाहीत अशा जागी.

शेळीमेंढी
डॉक्टर दुपारीच आले, इंजेक्शन सुरू झालं, लिस्टेरियाच म्हणाले. शेळी उभी आहे अजून, पाणी नरसाळ्यानं पाजू का?

डॉ_खुरकुत
नरसाळ्यानं नको! गिळता येत नाही तिला, ठसका लागून पाणी फुप्फुसात जाईल. सलाईन किंवा नळीनं द्यायचं का ते त्यांनाच विचारा.

आडगावचा_अण्णा
ऊसतोड चालू झाली की वाढं (उसाचे हिरवे शेंडे) फुकटात मिळतं, त्याचा मुरघास कुणी केलाय का? साखर तर भरपूर.

सूक्ष्मजीव
साखर भरपूर हीच अडचण आहे अण्णा. उसाच्या चाऱ्यात यीस्ट बंद बॅगेत हवेशिवाय पण साखरेची दारू करते, वजन घटतं आणि ताकद वाऱ्यावर जाते. ब्राझीलमध्ये उसाचा मुरघास मोठ्या प्रमाणावर करतात, तिथं यासाठीच बुखनेरी, चुना, युरिया यांच्यावर बरंच काम झालंय. युरियाला नावं ठेवली वर, पण उसाच्या बाबतीत त्याला जागा आहे. वाढं मिळतंय तोवर ताजंच घाला, कुट्टी करून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, आणि कॅल्शियमसाठी मिनरल मिक्श्चर चुकवू नका, वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवून धरतं.

बेलरवाला
वाढ्याचे बेल करायला मागच्या वर्षी एकानं सांगितलं होतं, मी नाही म्हणलं. पात्यांनी रॅप फाटतो.